तिसरं बटण

दार नऊ वाजता उघडायचं आणि रांग सातपासून लागायची. पूर्वी तिथे लाकडी सामानाचं दुकान होतं. भुशाचा वास अजून गेला नव्हता. आता आत सतरंज्या अंथरल्या होत्या आणि पुढे टेबलावर एक जुनाट प्रिंटर ठेवला होता, कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदाचा. रांगेत प्रत्येकाच्या हातात पाकीट आणि पाकिटात गेलेल्या माणसाचा फोटो. कुणाचा नवरा, कुणाची आई, कुणाचं लेकरू. मोठ्याने कुणी बोलत नसे. दवाखान्याच्या बाकावर बसतात तशी माणसं गुपचूप बसलेली असत.

फोटो द्यायचा, नाव लिहून द्यायचं आणि आठ दिवसांनी यायचं. आठव्या दिवशी, लोक ज्यांना अक्षरबाबा म्हणत ते बाबा डोळे मिटून टेबलाला दोन बोटं टेकवत, आणि यंत्राला कुणाचाही हात लागलेला नसताना ते करकरायला लागे. ओळीमागून ओळ छापत कागद वर सरकत जाई. जवळून पाहावं तर नुसती अक्षरं. म, ठ, क्ष, र, मध्येच टिंबांची रांग, मध्येच कोरी जागा. कशाचा कशाला पत्ता नाही. मग बाबांचा भाचा तो कागद समोरच्या भिंतीवर टाचणीने लावी आणि बाबा हळू आवाजात सुरू करत.

"मागे सरा. दहा पावलं. अजून मागे. चष्मा काढा. डोळ्यांत पाणी येतंय ना, येऊ द्या, पुसू नका. कोरड्या डोळ्यांना पलीकडचं दिसत नाही."

आणि दिसे. मी स्वतः पाहिलंय, म्हणून सांगतो. अक्षरं एकमेकांत विरून जात आणि त्यांतून कपाळ वर येई, मग नाक, मग डोळे. कागदाची एक प्रत माणूस घरी नेई, दुसरी तिथल्याच भिंतीवर राही. माझ्या देखत एक धिप्पाड गवंडी बायकोचा चेहरा बघून मटकन खाली बसला. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "देह संपतो. अक्षर संपत नाही," ते म्हणाले, आणि सगळ्या खोलीने मान डोलावली. काडी लावली तर अक्षरही संपतं, असं मी म्हटलं, पण मनातल्या मनात. मोठ्याने म्हणायची माझी सोय नव्हती.

कारण माझा फोटो स्टुडिओ त्याच रस्त्यावर, चार दुकानं सोडून आहे. बाबांच्या भाच्याची अट अशी, की फोटो समोरून काढलेला हवा, मागे पांढरा पडदा हवा आणि काळं-पांढरं ठळक हवं. घरच्या समारंभातले फोटो त्याला चालत नसत. मग लोक माझ्याकडे येत, कारण ओळखपत्रासाठी, नोकरीच्या अर्जासाठी कधी ना कधी सगळेच माझ्या पडद्यासमोर बसून गेलेले. मी जुने खोके उपसायचो, फोटो शोधायचो, चांगला ठळक करून द्यायचो. पाठीमागे बाबांना हसायचं आणि पुढून त्यांना माल पुरवायचा, एवढाच माझा शहाणपणा.

तो शहाणपणा माझ्याच घरावर आला तेव्हा माझे डोळे उघडले.

माझी ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला ताईनेच वाढवलं. शर्टांच्या कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर तिचा जन्म गेला. भावोजी गेल्यावर तिच्याजवळ एकच मुलगी उरली होती, माझी भाची. पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि त्यानंतर महिन्याभरातच ती साध्या वाटणाऱ्या तापाने तीन दिवसांत गेली. एकवीस वर्षांची होती. पुढे ताईला जिना चढताना धाप लागायला लागली. आम्हाला वाटलं, दुःखाने खचली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदयातली एक झडप खराब झाली आहे, ऑपरेशन करावं लागेल, आणि महिन्याच्या आत करा.

तारीख ठरवायला मी तिच्या घरी गेलो, तर शिलाई मशीनसमोरच्या भिंतीवर तो कागद. मला न सांगता ती जाऊन आली होती. पोरीच्या नर्सिंगच्या अर्जावरच्या फोटोची एक प्रत तिच्याकडे होतीच, त्यामुळे माझ्याकडे येण्याची गरजही पडली नव्हती.

"तू हसशील म्हणून नाही सांगितलं," ती म्हणाली.

"ऑपरेशनची तारीख कुठली घ्यायची ते बोल."

"ऑपरेशन नाही करायचं. ती नको म्हणते."

"बाबा नको म्हणतो."

"बाबा नाही, ती. त्यांनी फक्त वाचून दाखवलं." ताईने पेन्सिल घेतली आणि कागदावर इथला एक 'आ', तिथली एक 'ई' अशी बोट फिरवावं तशी फिरवली. तिला ते पाठ झालं होतं. "आई, छाती उघडू नकोस. मी आत आहे."

मी मागे सरकत दारापर्यंत गेलो आणि नको नको म्हणत असताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि भाची दिसली. चापून बसवलेले केस, रुंद कपाळ, मिटलेले ओठ. आणि छातीवर एक काळा ठिपका, बाकीच्या दोन ठिपक्यांहून मोठा.

तो ठिपका मी ओळखला. माझ्या स्टुडिओत खिळ्याला एक कोट टांगलेला असतो. ज्यांना अर्जावर रुबाबदार दिसायचंय त्यांनी तो घालायचा, फोटो काढायचा आणि परत टांगायचा. बाई असो की बाप्या, जाडा असो की बारीक, मी मागून कपड्यांचे चिमटे लावून तो मापाचा करतो. समोरून साहेब, मागून वाळत घातलेले कपडे. त्याचं तिसरं बटण कधीचं हरवलं होतं. त्याच्या जागी ताईनेच कारखान्यातून एक मोठं काळं बटण आणून लावून दिलं होतं. भाचीने आयुष्यात तो कोट मोजून पाच मिनिटं घातला होता.

"ताई, तो कोट बघ," मी म्हटलं.

"चहा टाकू का?" ती म्हणाली, आणि आत गेली.

त्या दिवसापासून आमचं रोज वाजायला लागलं. मी डॉक्टरांचा कागद पुढे करायचो, ती भिंतीकडे बघायची. एकदा मी आवाज चढवला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "माझी छाती आहे रे. तुझी नाही." दोन महिने असे गेले. ती भाजी चिरताना मध्ये थांबून श्वास घ्यायची, तेव्हा मला बाबाचा गळा धरावासा वाटायचा. त्यातला अर्धा राग माझ्यावरचा होता.

शेवटी मी टायपिंगच्या बाईंकडे गेलो. आमच्या अर्ध्या गावाला टाइपरायटर शिकवलेल्या या बाई. संस्था बंद झाली, पण एक मशीन त्यांनी घरात ठेवलंय आणि रोज त्याची धूळ पुसतात. ताईच्या भिंतीवरचा कागद मी मोबाइलवर टिपून नेला होता. बाईंनी तो जवळ धरला, लांब धरला आणि त्यांना हसू आलं.

"अरे, हे तर आमच्या पोरी मधल्या सुट्टीत करायच्या. एकीने माझंच चित्र केलं होतं, नाक जरा मोठं झालं म्हणून लपवून ठेवलं बिचारीने."

"मग चला, तिथे जाऊन सांगू या."

"सांगून काय होणार? तू दोन महिने सांगतोच आहेस. माणसं ऐकून शहाणी होत नाहीत, बघून होतात. एखाद्या दुकानातल्या कुणाचा तरी फोटो नेऊन दे त्याला."

"कुणाचा?"

"जो कधी जिवंतच नव्हता त्याचा."

शेजारच्या कापडवाल्याकडे साडी नेसवून उभी करतात ती बाहुली होती. तिचं कमरेपासूनचं वरचं धड वेगळं होतं. मी ते उचलून आणलं, केस नीट केले, कोट चढवला, चिमटे लावले आणि बाहुली ओळखू येऊ नये म्हणून फोटो किंचित हलवून काढला. पाकीट घेऊन रांगेत उभा राहिलो. भाच्याने वही उघडली. ही वही नीट ध्यानात ठेवा, कारण सगळी अंतर्ज्ञानाची खाण तीच होती.

"कोण ह्या?"

"थोरली मावशी."

"कशाने गेल्या?"

"उभ्या उभ्या गेली. उभं राहूनच काम होतं तिचं."

"स्वभाव?"

"अबोल."

"घरी अजून कुणाला काही त्रास, आजार?" त्याने सहज विचारलं. ताईलाही त्याने असंच सहज विचारलं असणार, आणि तिची ऑपरेशनची भीती वहीत उतरली असणार.

आठव्या दिवशी खोली भरलेली होती. ताई पुढच्या ओळीत बसली होती. ती आता रोजच येई. गवंडीही होता. मी बाईंना सोबत आणलं होतं. हातगाडीवर त्यांचा टाइपरायटर आणि पोत्यात गुंडाळलेली मावशी, दोन्ही दारापाशी ठेवली होती. यंत्र करकरलं, कागद भिंतीला लागला, माणसं मागे सरली. पांढऱ्या पडद्यावर कोट घातलेली, नाकीडोळी नीटस बाई अक्षरांतून वर आली. दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला.

बाबांनी छडी उचलली आणि अक्षरांवर टेकवत वाचायला लागले. "भाच्या... मला... आता... पाय... दुखत... नाहीत." मग जरा थांबले. "फार कष्ट झाले हो मावशींना. पण आता आरामात आहेत. म्हणतात, बोलायचं राहून गेलं."

"ती बोलायला आलीच आहे," मी म्हटलं, आणि पोतं उलगडून बाहुली टेबलावर, प्रिंटरच्या शेजारी उभी केली. तोच कोट, तेच केस. कापडवाल्याचं लेबल अजून मानेला चिकटलेलं होतं.

कुणीतरी फिसकन हसलं. बाबांचा चेहरा क्षणभर उतरला, पण माणूस तयारीचा. "ज्याच्या मनात कपट असतं त्याला यंत्र कपटच दाखवतं," ते म्हणाले. "यंत्राचा काय दोष?"

"यंत्राचा काहीच दोष नाही," टायपिंगच्या बाई पुढे येत म्हणाल्या. "बिचारं सांगितलं तेवढं छापतं. कोण सांगतं ते बघू या का?"

गवंड्याला काय वाटलं कोण जाणे, तो उठला आणि त्याने टेबलाखालची सतरंजी उचलली. प्रिंटरपासून एक वायर भिंतीच्या बटणाकडे गेली होती, ती सगळ्यांना दिसायची. दुसरी सतरंजीखालून मागच्या खोलीत गेली होती. त्याने मागचं दार लोटलं. आत कॉम्प्युटरपुढे भाचा बसला होता. यंत्र करकरताना हा आत का असतो आणि कागद टाचून परत आत का जातो, हा प्रश्न इतके दिवस आम्हाला कुणालाच पडला नव्हता. पडद्यावर उद्याच्या माणसाचा फोटो होता, अर्धा फोटो, अर्धी अक्षरं.

तोवर बाईंनी आपलं मशीन टेबलावर घेतलं आणि कागद चढवून खटाखट चार पट्टे मारले. एक नुसत्या टिंबांचा, एक 'र'चा, एक 'म'चा, एक 'क्ष'चा. कागद भिंतीला लावला आणि शाळेत सांगतात तसं सांगितलं, "मागे सरा. दहा पावलं. चष्मा काढा."

लांबून अक्षरं गेली आणि उरले चार रंग. फिका, जरा गडद, अजून गडद, आणि काळा.

"टिंबाला शाई कमी लागते, 'क्ष'ला जास्त. एवढंच गुपित. फोटोवर चौकटी आखायच्या. जिथे अंधार तिथे भरगच्च अक्षर मारायचं, जिथे उजेड तिथे टिंब, गाल चमकतो तिथे काहीच नाही. आमच्या पोरींना चार दिवस लागायचे, कॉम्प्युटर पापणी लवायच्या आत करतो. डोळ्यांत पाणी आलं की अक्षरांच्या कडा पुसट होतात आणि चित्र जुळतं. रडणाऱ्याला आधी दिसतं ते त्यामुळे." मग म्हणाल्या, "काम सुंदर आहे हो. चित्र म्हणून दिलं असतं तर मीसुद्धा एक घेतलं असतं."

"आणि निरोप?" एका बाईने विचारलं.

बाईंनी बाबांच्या हातातली छडी घेतली आणि मावशीच्याच कागदावर टेकवत वाचलं, "उद्या... दुकान... बंद." मग छडी त्या बाईच्या हातात दिली. "तीन-चार हजार अक्षरं आहेत. तुला हवं ते वाच. सगळं सापडेल."

मग मी कोट उचलून सगळ्यांना दाखवला आणि भिंतींकडे बोट केलं. "तुमची माणसं वेगवेगळ्या घरची, वेगवेगळ्या वर्षी गेलेली. मग इतकी जणं हाच एक कोट घालून कशी येतात? तिसरं बटण बघा."

माणसं उठली आणि आपापल्या कागदापाशी गेली. गवंडी बायकोच्या कागदावर बोट ठेवून कितीतरी वेळ उभा होता. "हा तिने फोटोपुरताच घातला होता," तो म्हणाला. "मी बाहेर पडद्याआड उभा होतो. चिमटा टोचतोय म्हणून हसत होती."

लोकांनी बाबांना मारलं वगैरे नाही. सगळेच गळून गेले होते. बाबा मात्र माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मी यांना त्यांची माणसं भेटवली. तू काय दिलंस?" फोटो माझेच होते, ठळक करून मीच दिले होते. मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. दोघंजण थुंकल्यासारखं तोंड करून निघून गेले, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

ताईला घरी सोडायला निघालो. ती दर वीस-पंचवीस पावलांनी थांबत होती. एका बंद दुकानाच्या पायरीवर आम्ही बसलो.

"बटण मीच लावलं होतं रे," ती म्हणाली. "मला पहिल्याच दिवशी दिसलं."

"मग?"

"मला वाटलं, तिच्याकडे तिथे घालायला दुसरं काही नसेल."

मी तिचा हात धरून बसलो. मग ती म्हणाली, "घे तारीख."

डॉक्टरांनी तपासलं आणि पेन खाली ठेवलं. "दोन महिने कुठे होता?" त्यांनी विचारलं. हृदय बरंच थकलं होतं. करू, पण आता भरवसा देता येत नाही, असं त्यांनी आम्हाला स्वच्छ सांगितलं. आठवड्यानंतरची तारीख मिळाली.

"तोवर एक काम कर," ताई मला म्हणाली. "मला तिचं एक करून दे, तसं अक्षरांचं. कोट नको."

माझ्याकडे दुसरा फोटो होता. अर्जाचा फोटो झाल्यावर भाचीने कोट काढला होता आणि 'मामा, एक उगाच काढ' म्हणाली होती. त्यात ती तोंड भरून हसतेय, बटा कपाळावर आल्या आहेत. तो मी चौकटींत आखला आणि चार दुपारी टायपिंगच्या बाईंच्या मशीनवर बसलो. डावा डोळा दोनदा चुकला, कागद फाडून पुन्हा सुरुवात केली. हसण्याच्या जागी काहीच मारायचं नसतं, ती जागा नुसती सोडायची असते, हे मला तेव्हा कळलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तो कागद घेऊन वॉर्डात गेलो. दोन हातांत धरून मागे मागे सरकत दारापर्यंत पोचलो. नर्स औषधांचा ट्रे घेऊन माझ्यामागे थांबून राहिली. ताईने चष्मा काढला.

"दिसली," ती म्हणाली. मग चष्मा लावून विचारलं, "कुणी केली?"

"मी."

"नाक जरा मोठं झालंय."

"डोळा नीट करताना झालं."

"राहू दे," ती म्हणाली. "तू केलीस ना, मग ठीक आहे."

ऑपरेशननंतर ती चार दिवस होती. दोन महिने आधी झालं असतं तर वाचली असती का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, खात्रीने कुणीच सांगणार नाही, पण संधी पुष्कळ जास्त होती. मी आता त्या 'पुष्कळ'पाशी अडकून राहिलोय. अक्षरबाबा त्याआधीच प्रिंटर गुंडाळून निघून गेले होते. कुठेतरी दुसऱ्या रस्त्यावर सतरंज्या अंथरल्या असतील.

भाचीचा कागद माझ्या स्टुडिओच्या काचेत लावलाय. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय: हे चित्र मी केलं आहे, फोटोवरून, चार दुपारी बसून. पलीकडून कुणी आलेलं नाही. कसं करतात ते आत येऊन विचारा, फुकट शिकवीन. बरेच जण येतात. गवंडी शिकून गेला, बायकोचं चित्र त्याने स्वतः केलं, बिनकोटाचं. आलेल्यांना मी एवढंच सांगतो की माणूस गेलं तर मन भरून रडा, त्याचा फोटो जवळ ठेवा, हवं तर त्याचं चित्रही करा. पण त्याच्या तोंडी दुसऱ्या कुणाचे शब्द घालू देऊ नका. आणि डॉक्टरांनी दिलेल्या तारखेबद्दल शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा, भिंतीला विचारू नका.

दुकान उघडायच्या आधी कधी कधी मी रस्त्यावर दहा पावलं मागे जातो आणि चष्मा काढतो. पोरगी हसताना दिसते. मग चष्मा लावतो, जवळ जातो आणि पहिल्या ओळीपासून वाचतो. टिंब, टिंब, र, म, क्ष. ती कुणाला काहीच म्हणत नसते.